सांगलीत नवरा-बायकोनं मिळून छापखाना काढायचा असेल तर

आमच्या दुकानात मधूनमधून एखादं जोडपं येतं. पत्रिका छापायला नव्हे, विचारायला. "वहिनी, आम्हीपण असंच काहीतरी सुरू करावं म्हणतोय. किती लागतील?" मागं मशीन चालू, पुढं गिऱ्हाईक उभं, अशा वेळी हे पाच मिनिटांत सांगून होत नाही. म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढलं.

आमच्याबद्दल थोडं. सासरे जुळारी होते, खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवण्यात त्यांची हयात गेली. मिरजेत १८०५ साली तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरून गीता छापली होती, हे ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला अजून सांगतात. आमचे हे बारा वर्षं दुसऱ्याच्या ऑफसेटवर (प्लेटवरून छापणाऱ्या मशीनवर) मशीनमन होते, मी डीटीपी, म्हणजे संगणकावर मजकुराची जुळणी, करत होते. दुकान छोटं आहे आणि छोटंच ठेवायचं आहे. बचत गट, वाचनालयं, तरुण मंडळं, शाळा, स्वतःच्या पैशानं कवितासंग्रह काढणारे शिक्षक ही आमची माणसं. पन्नासच प्रती हव्या असलेल्या माणसाला "एवढ्या कमी होत नाहीत" म्हणून परत पाठवायचं नाही, हे पहिल्या दिवशी ठरवलं होतं. खालचं सगळं त्या हिशोबानं वाचा. फ्लेक्सचा मोठा धंदा करायचा असेल तर त्याचं गणित वेगळं आहे.

१. आधी दोघांत बसून ठरवा

मशीन बघायला जायच्या आधी हे करा. काउंटर, डीटीपी आणि प्रूफ (छापण्याआधी तपासायचा नमुना) माझ्याकडे, मशीन, कागदखरेदी आणि पोचवणं ह्यांच्याकडे, बाइंडिंगला दोघंही. प्रूफमध्ये शेवटचा शब्द माझा, मशीनवर ह्यांचा. मी "एवढ्या गडद शाईनं छापा" म्हणून मशीनजवळ उभी राहत नाही आणि हे माझ्या स्क्रीनवर वाकून "हा फॉन्ट बदल" म्हणत नाहीत.

भावाचा कागद एकच ठेवा आणि भिंतीवर लावा. एकदा ह्यांनी एका मित्राला हँडबिलाचा एक भाव सांगितला आणि त्याच्याच भावाला मी तासाभरानं दुसरा. दोघं संध्याकाळी एकत्र आले. त्या दिवसापासून पाव्हण्यांना, मित्रांना, कुणालाही सूट द्यायची असेल तर ती दोघांनी मिळूनच ठरवायची.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोघांनीही पहिल्या महिन्यापासून ठरावीक रक्कम आपापल्या खात्यात घ्या, हजार रुपये का असेनात. "घरचंच तर आहे" म्हणून मी पहिलं दीड वर्ष एक रुपया घेतला नाही. दुकान ह्यांच्या नावावर, खातंही ह्यांचंच. पुढं माझ्या नावानं कर्ज मागायला गेले तेव्हा दीड वर्षाच्या कामाचा माझ्याकडे एकही पुरावा नव्हता. बाईनं दिवसाला दहा तास काम करायचं आणि कागदावर गृहिणी राहायचं, हे करू नका.

म्हणून भागीदारी करा किंवा सरळ बायकोच्या नावावर मालकी ठेवा. भागीदारी १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे करारनामा करून होते. त्याची रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे नोंदणी सक्तीची नाही, पण करा. कलम ६९ प्रमाणे नोंदणी नसलेल्या फर्मला कराराप्रमाणे येणं असलेल्या पैशांसाठी गिऱ्हाइकावर दावा लावता येत नाही, आणि या धंद्यात उधारी येतेच.

२. जागा: आधी पाणी बघा, मग भाडं

गणपती पेठ, मारुती रोड, हरभट रोड इथं गिऱ्हाईक चालत येतं. विश्रामबागेकडं जागा उंचावर आहे, पण पावती पुस्तक हवं असलेला दुकानदार तिकडं मुद्दाम येत नाही. आम्ही पेठेतच राहिलो, तेव्हा पाण्याशी जुळवून घेणं आलं.

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. भाडेकरार करण्यापूर्वी शेजारच्या जुन्या दुकानदाराला दोन गोष्टी विचारा: आयर्विनला किती फूट झाले की या गल्लीत पाणी येतं, आणि २०१९ ला भिंतीवर खूण कुठवर होती. मालकाला विचारू नका, शेजाऱ्याला विचारा.

आमचा नियम असा: आयर्विनला ३५ फूट झाले की कागद माळ्यावर. वाट बघायची नाही. मशीन हलत नाही, पण मोटार आणि पॅनल काढता येतात; ते कसे काढायचे हे मशीन बसवतानाच मेकॅनिककडून शिकून घ्या. विमा घेताना पॉलिसीत पूर आणि जलमय होणं धरलं आहे का हे वाचून बघा. मशीनइतकाच कागदाचा साठा लिहा, आणि गिऱ्हाइकाचा माल आपल्याकडे पडून असतो तोही वेगळा लिहून घ्यायला सांगा. त्याचा उल्लेख नसेल तर भिजलेल्या पत्रिकांचे पैसे आपल्याच खिशातून जातात.

थ्री फेज वीज मिळेल का, हे भाडं ठरायच्या आधी विचारा.

३. कागदपत्रं

हा भाग वाटतो तेवढा अवघड नाही. जवळ ठेवायची फाइल:

– दोघांचं आधार आणि पॅन. भागीदारी असेल तर फर्मचं वेगळं पॅन आणि करारनामा
– जागेचा भाडेकरार, वीजबिल, मालकाचं संमतिपत्र
– उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी)
– शॉप ॲक्टची ऑनलाइन सूचना दिल्याची पावती
– व्यवसाय कराची नोंदणी (पीटीईसी, वर्षाला २,५०० रुपये)
– फर्मच्या नावाचं चालू खातं
– मशीनचं बिल, जुनं असेल तरी
– विमा पॉलिसी

उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. त्यासाठी हजार-दोन हजार मागणारे भेटतील, देऊ नका. शॉप ॲक्टमध्येही दोघांच्या दुकानाला पूर्वीसारखी नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना पुरते.

जुनी मंडळी सांगतील, "आधी कलेक्टर कचेरीत डिक्लेरेशन कर, नाहीतर छापखाना चालवता येत नाही." १८६७ च्या कायद्याप्रमाणे ते खरं होतं. २०२३ चा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला आणि छापखाना ठेवण्यासाठीचं ते डिक्लेरेशन गेलं. साप्ताहिक, मासिक असं नियतकालिक छापणार असाल तरच मुद्रक म्हणून ऑनलाइन कळवावं लागतं.

जीएसटीत एक खड्डा आहे. मालाच्या विक्रीला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, हे ऐकून बरेच छापखानेवाले निर्धास्त बसतात. पण मजकूर गिऱ्हाइकाचा आणि कागद आपला, अशी पुस्तकं, पत्रकं, अहवाल यांची छपाई ही 'सेवा' धरली जाते, आणि सेवेची मर्यादा २० लाखांची आहे. छापील पाकिटं, खोकी हा माल. आपल्याकडं दोन्ही असतं. उलाढाल पंधरा लाखांजवळ आली की कर सल्लागाराकडं जाऊन बसा.

४. भांडवल

पंतप्रधान रोजगार निर्मिती योजनेत महिलेला शहरात २५ आणि ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान आहे, स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात. अर्जाआधी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन योजनेची मुदत आणि त्या वेळच्या अटी विचारून घ्या. इथं जोडपी तीन ठिकाणी अडकतात. एक, नवरा-बायको मिळून एकच कुटुंब धरतात, दोघांनी वेगवेगळे अर्ज केले तर चालत नाही. दोन, योजना नव्या उद्योगासाठी आहे. आधी शटर उघडून मग अर्ज केला तर हात हलवत परत यावं लागतं. तीन, अनुदान हातात पडत नाही. ते तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं आणि मग कर्जात वळतं होतं, म्हणजे सुरुवातीला हप्ता मोठ्या रकमेवर बसणार हे धरून चाला.

त्यापेक्षा लहान सुरुवात असेल तर मुद्रा कर्ज: शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत.

मशीनला जेवढे लागतील त्याच्या निम्मे तरी कागद आणि उधारीसाठी बाजूला हवेत. मशीनवर सगळे पैसे घालून कागद घ्यायला पैसे नाहीत, ही चूक फार जणांनी केलेली बघितली.

५. मशीन कुठल्या क्रमानं घ्यावीत

आम्ही पुन्हा सुरू केलं तर असं घेऊ: संगणक आणि लेझर प्रिंटर, कटिंग मशीन, स्क्रीन प्रिंटिंगचं सामान, मग रिझो (स्टेन्सिलवरून झटपट प्रती काढणारं यंत्र), आणि सगळ्यात शेवटी मिनी ऑफसेट. ऑफसेट घेईपर्यंतची कामं ओळखीच्या छापखान्याकडून करून घ्या. सीटीपी, म्हणजे संगणकावरून छपाईची प्लेट (पत्रा) बनवणं, तर सुरुवातीला बाहेरूनच करून घ्यायचं.

कटिंग मशीन दुसऱ्या क्रमांकावर का, असं विचारतात. छपाई बाहेरून आणता येते, पण वाकडी कापलेली पत्रिका आपल्याच काउंटरवरून परत येते.

रिझो हे गावच्या कामाचं यंत्र आहे. शंभर ते दोन-तीन हजार प्रती, एक रंग, सभेची नोटीस, शाळेची प्रश्नपत्रिका, बचत गटाचे फॉर्म: यात त्याच्या जवळपास कुणी येत नाही. पण त्याची शाई कागदात मुरून सुकते. गुळगुळीत आर्ट पेपरवर ती मुरत नाही, हात लावला की पुसते. पहिल्याच महिन्यात आम्ही एका क्लासची पाचशे पत्रकं आर्ट पेपरवर काढली आणि सगळी पुन्हा मॅपलिथोवर, म्हणजे साध्या कागदावर, काढून दिली.

जुनं ऑफसेट घ्यायचं असेल तर बंद मशीन बघून बयाणा देऊ नका. आपला कागद आणि आपली प्लेट घेऊन जा, पाचशे शीट सलग छापून घ्या. तीच शीटं उलटून दुसऱ्यांदा छापा आणि उजेडात धरून दोन्ही बाजूंच्या रेघा एकावर एक येतात का बघा. सरकत असतील तर ग्रिपर, म्हणजे शीट धरणारे चिमटे, गेलेत. रोलर नखानं दाबून बघा, दगडासारखे कडक झाले असतील तर बदलायचा खर्च किमतीतून वजा करा.

डॅम्पिंगचं, म्हणजे ऑफसेटची प्लेट ओली ठेवायचं, पाणी साधारण ४.५ ते ५.५ पीएचचं लागतं. बोअरचं जड पाणी घातलं की प्लेटवर मळ धरतो आणि दोष शाईला दिला जातो. आम्ही आरओचं पाणी वापरतो.

६. कागद ओळखा, नाहीतर नफा तिथंच जातो

हे कुणी शिकवत नाही, म्हणून सविस्तर सांगते.

५०० शीटच्या रीमचं वजन काढायचं सूत्र: लांबी × रुंदी (इंचात) × जीएसएम ÷ ३१००. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. उत्तर किलोत येतं. १८×२३ चा ७० जीएसएम कागद असेल तर १८×२३×७०÷३१०० म्हणजे ९.३५ किलो. आता रीम काट्यावर ठेवा. साडेआठच किलो भरली तर तो ७० चा नव्हे, ६४ चा कागद आहे. दुकानात वजनकाटा ठेवलात तर व्यापारीही जपून माल पाठवतो.

आकारांचं गणित तोंडपाठ करा. १८×२३ मधून ९×११.५ चे चार तुकडे निघतात, २३×३६ मधून आठ. ए-४ हवा असेल तर २५×३६ घ्या, नऊ निघतात; २३×३६ मधून ए-४ काढायला गेलात तर बरीच कातरण उरते आणि ते पैसे आपलेच असतात.

एक हिशोब करून दाखवते. १८×२३ च्या ७० जीएसएम कागदाच्या आठव्या भागाची २,००० हँडबिलं. शीटं लागली २५०. सेटिंगला आणि वेस्टेजला २५ धरा, झाली २७५. त्याचं वजन सव्वापाच किलोच्या आत. कागद किलोला ९० रुपये धरला तर साधारण ४६५ रुपये. यात प्लेट, छपाई, कटिंग, डीटीपी हे चार आकडे वेगळे लिहा आणि शेवटी भाडं, वीज आणि दोघांचा पगार यांचा वाटा घाला. नवखी माणसं कागद आणि प्लेट धरतात, डीटीपी "घरचं" म्हणून सोडतात. ते घरचं नाही, ते बायकोचे दोन तास आहेत.

कागदाचा ग्रेन, म्हणजे आतल्या तंतूंची दिशा, बघायला शिका. कागद फाडून बघा: ज्या दिशेनं सरळ फाटतो तो ग्रेन. पुस्तकात तो शिवणीला समांतर ठेवा, नाहीतर पानं फुगून लाटा येतात. जाड कार्डाची घडी ग्रेनच्या आडवी आली तर घडीवर रंग तडकतो. लग्नपत्रिकेत हे फार दिसतं.

पावसाळ्यात रीमचं वेष्टण लागेल तेव्हाच उघडा. उघडा कागद दमट हवेनं एका रात्रीत कडा वाकवतो आणि मशीन एकदम दोन-दोन शीटं ओढतं.

७. डीटीपी आणि प्रूफ

मजकूर मोबाइलवरून युनिकोडमध्ये येतो आणि आपलं जुनं काम श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असतं. कन्व्हर्टरमधून काढलेल्या मजकुरात 'ऱ्या', 'ऱ्हा', रफार आणि जोडाक्षरं न चुकता तपासा. 'सुऱ्या'चा 'सुर्या' होतो, 'तऱ्हा' मोडते. नवं सगळं काम युनिकोडमध्येच सुरू करा. मुक्त परवान्याचे मुक्ता, बालू यांसारखे चांगले देवनागरी फॉन्ट फुकट मिळतात, ते वापरायला कुणाची परवानगी लागत नाही. चोरून उतरवलेल्या सॉफ्टवेअरवर धंदा उभा करू नका. इंकस्केप (चित्रं काढायला) आणि स्क्रायबस (पानं मांडायला) फुकट आहेत, शिकायला महिना जातो.

प्रूफवर सही घेतल्याशिवाय प्लेट करायची नाही. मोबाइलवरचं "ओके" पुरत नाही. माणूस बाजारात उभा राहून फोटो न उघडता ओके पाठवतो. शक्य असेल तर त्याला समोर बसवा आणि नावं, तारीख, वार, वेळ, ठिकाण मोठ्यानं वाचायला सांगा. वार आणि तारीख जुळते का हे कॅलेंडरवर आपणच बघायचं. लग्नपत्रिकेत मयत आणि हयात नावांसाठी आम्ही वेगळा चौकोन ठेवला आहे: 'कै.' कुणाच्या मागं लावायचं ते घरच्या माणसाच्या हातानं लिहून घेतो. ही चूक झाली तर पैसे परत देऊन भागत नाही.

कवितासंग्रह घेऊन येणाऱ्याला फर्मा समजावून सांगा. एका मोठ्या शीटला घड्या घालून होणारी सोळा पानं म्हणजे एक फर्मा. पानं ६६ होत असतील तर दोन कमी करून ६४ करा, चार फर्म्यांत बसतं. हे सांगितल्यानं आपलं बिल कमी होतं, पण तो माणूस पुढचं पुस्तकही आपल्याकडेच घेऊन येतो.

८. कुठली कामं थांबवून विचारायची

मुद्रक म्हणून खाली आपलं नाव येतं, तेव्हा प्रश्न विचारायचा आपल्याला हक्क आहे.

निवडणुकीची पत्रकं, पोस्टर: लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ प्रमाणे मुद्रक आणि प्रकाशक दोघांचं नाव-पत्ता छापावाच लागतो. प्रकाशकाकडून दोन साक्षीदारांच्या सहीचं घोषणापत्र दोन प्रतींत घ्यायचं आणि त्याची एक प्रत छापलेल्या नमुन्यासह जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायची. चुकलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गावातल्या निवडणुकीत "नाव नको टाकू, आपलंच काम आहे" म्हणणारे येतात. त्यांना चहा द्या आणि परत पाठवा.

पावती पुस्तकं: मंडळाची वर्गणी असेल तर धर्मादाय कार्यालयाच्या परवानगीची प्रत मागा. कुठल्या क्रमांकापासून कुठल्या क्रमांकापर्यंत, किती पुस्तकं, कुणी नेली, हे रजिस्टरमध्ये सहीनिशी लिहा. पुन्हा तेच क्रमांक छापून मागणारा आला तर अध्यक्ष आणि खजिनदार दोघांशी बोलल्याशिवाय हात लावायचा नाही. एकदा एका मंडळाचा वाद आमच्या रजिस्टरमुळं दुकानातच मिटला.

व्हिजिटिंग कार्डावर अशोकस्तंभ छापू नका. राजचिन्हाच्या वापरावर २००५ चा कायदा आहे. नोटेसारखं दिसणारं जाहिरातपत्रक छापू नका. लग्नपत्रिका घेताना मुलगी अठरा आणि मुलगा एकवीस पूर्ण आहे का, हे शंका आली तर विचारा. आम्ही जन्मदाखला मागतो. एक-दोन गिऱ्हाइकं तुटली, तुटू द्या.

९. उधारी

निम्मे पैसे आगाऊ, बाकीचे माल नेताना. संस्था आणि कंपन्या उधारीवरच घेतात, तिथं बिलावर उद्यम क्रमांक छापा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि २०२३-२४ पासून मुदतीत न दिलेली रक्कम देणाऱ्याला त्या वर्षी खर्चात धरता येत नाही. त्यांच्या हिशोबनिसाला हे ठाऊक असतं, त्यामुळं मार्चमध्ये तगादा कमी लावावा लागतो.

१०. गावाचा छापखाना म्हणून

कातरणीच्या छोट्या वह्या शिवतो आणि जवळच्या शाळेला देतो. पिनिंगला गल्लीतल्या दोन मुली येतात, त्यांना तासाप्रमाणे पैसे. मशीन धुतलेलं (वॉशचं) रॉकेल आणि शाईच्या चिंध्या गटारात टाकत नाही. ते गटार कृष्णेलाच मिळतं. चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, त्या पेट घेतात. बचत गटाची पहिली शंभर पत्रकं आम्ही कागदाच्या भावात करतो, दुसऱ्या वेळेपासून भिंतीवरचा भाव. दहाव्याची कार्डं कितीही वाजता आली तरी घेतो आणि पैशाचं नंतर बघतो.

मशीनचा बयाणा द्यायच्या आधी आमच्याकडं किंवा दुसऱ्या कुठल्याही छोट्या छापखान्यात दोघं मिळून दोन दिवस बसा. आमच्याकडं यायचं तर आषाढात या. तेव्हा लग्नं नसतात, गणपतीची पावती पुस्तकं सुरू व्हायची असतात, बोलायला वेळ मिळतो, आणि कागद माळ्यावर चढवायला दोन माणसं जास्त असली तर आम्हालाही हवीच असतात.